पांढरा कुठं ठेवायचा, राव?

कागदोपत्री अहिल्यानगर, पण बोलताना अजूनही 'नगर'. तर नगरमध्ये संध्याकाळी कॉलेजच्या पोरांमागून एखाद्या पूल पार्लरचा जिना चढा. वर घरघरणारा पंखा, बोटांना लागलेली चॉकची निळी भुकटी आणि दर दहा मिनिटांनी ठरलेलं भांडण. पांढरा चेंडू रंगीत चेंडूच्या मागोमाग भोकात गडप झालेला असतो. एक म्हणतो, "रेषेच्या मागं ठेव." दुसरा म्हणतो, "इन हँड आहे, कुठंपण ठेवीन." तिसरा खेळतच नसतो, तरी सांगतो, "आमच्याकडं दोन चान्स देतात."

तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. खेळ एकच वाटला तरी पूल, स्नूकर, बिलियर्ड्स आणि घरचा कॅरम यांत पांढऱ्याचा (किंवा स्ट्रायकरचा) कायदा वेगळा आहे. त्या कायद्याची ही खमंग भेळ. पुढच्या वेळी भांडण झालं, तर निदान मुद्द्यावर तरी होईल.

१. शिक्षा कसली, तर समोरच्याला मोकळीक

पूलच्या टेबलावर पंधरा रंगीत चेंडू आणि एक पांढरा. रंगीत कुणाचे ना कुणाचे असतात. पांढरा मात्र ज्याची पाळी, त्याचा. फाऊल झाला की सहसा तुमचे गुण कापत नाहीत, पडलेले चेंडूही परत काढत नाहीत. फक्त पांढरा उचलून समोरच्याच्या हातात देतात: ठेव बाबा, तुला हवा तिथं. हेच ते 'इन हँड'.

ऐकायला सौम्य वाटतं. पण स्पर्धेचं पूल टेबल आतून 254 सेंटिमीटर लांब आणि 127 सेंटिमीटर रुंद असतं. म्हणजे सव्वातीन चौरस मीटर हिरव्या जमिनीचा सातबारा, एका फटक्यापुरता, प्रतिस्पर्ध्याच्या नावावर. चांगल्या खेळाडूला तेवढा एक फटका पुरतो. तो पांढरा सोयीच्या जागी ठेवतो, एकामागून एक चेंडू खिशात घालतो आणि तुम्ही खुर्चीत बसून चॉक घासत राहता.

२. दैव देतं, कर्म नेतं

पांढरा हातात आला म्हणजे काय काय करता येतं? एकदा ठेवला, मागं जाऊन डोळा लावला, पटलं नाही, पुन्हा हलवला; चालतं. प्रत्यक्ष फटका मारेपर्यंत कितीही वेळा जागा बदला. हातानं सरकवा, क्यूच्या दांड्यानं सरकवा, टोकानं सरकवला तरी हरकत नाही. अट एकच: टोकानं सरकवताना पुढं मारल्यासारखी हालचाल नको, ती फटक्यात धरली जाऊ शकते.

खरी गंमत पुढं आहे. मोक्याची जागा शोधताना हातातला पांढरा शेजारच्या रंगीत चेंडूला नुसता चाटून गेला, तरी फाऊल. आता तोच पांढरा समोरच्याच्या हातात. फुकट मिळालेलं दान फुकटच गेलं. म्हणून गर्दीत पांढरा ठेवताना मुरलेले खेळाडू चिमटीत धरतात आणि श्वास रोखून सोडतात.

३. पोट नको बघू, पाय बघ

टेबलाच्या एका टोकाकडं, लांबीच्या पाव अंतरावर एक आडवी रेष असते. कधी आखलेली, कधी नुसती मनातली. ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, तिच्या मागूनच मारायचा. यावरून होणारी भांडणं बहुधा एकाच गोष्टीची: "तुझा चेंडू रेषेच्या पुढं आलाय!"

इथं कायदा सोपा आहे. चेंडू गोल, त्याचं पोट रेषेच्या पुढं लोंबणारच. बघायचं ते चेंडू कापडाला जिथं टेकलाय तो बिंदू. पाय मागं असेल तर पोट पुढं आलं म्हणून काही बिघडत नाही. माणसांनाही हाच नियम लावला असता तर लग्नसराईतले निम्मे फोटो बरे आले असते.

४. ब्रेकलाच पांढरा पडला तर?

वादाचा राजा हाच. आंतरराष्ट्रीय नियमांत उत्तर पूलच्या प्रकारावर अवलंबून आहे. एट-बॉलमध्ये ब्रेक मारताना पांढरा खिशात गेला, तर समोरच्याला तो रेषेच्या मागंच ठेवावा लागतो. नाइन-बॉलमध्ये ब्रेकला गेला तरी टेबलभर मोकळीक.

रेषेमागून खेळताना आणखी एक गाठ आहे. जो चेंडू मारायचा तोही रेषेच्या मागंच बसला असेल, तर त्याला थेट मारता येत नाही. पांढऱ्यानं आधी रेष ओलांडायची, पलीकडच्या कुशनला (टेबलाच्या रबरी काठाला) धडकायचं आणि परत येऊन त्याला गाठायचं. शेजारच्या घरी जायला गावाला वळसा.

तेव्हा जिन्यावरच्या त्या वादात "रेषेच्या मागं" म्हणणारा आणि "कुठंपण" म्हणणारा दोघंही बरोबर असतील. एकाच्या डोक्यात एट-बॉलचा ब्रेक असतो, दुसऱ्याच्या डोक्यात बाकीचा खेळ.

५. 'डी'तली काटकसर

स्नूकरचं टेबल पूलपेक्षा केवढं तरी मोठं: आतून साडेतीन मीटरहून थोडं जास्त लांब, पावणेदोन मीटरहून थोडं जास्त रुंद. पण पांढरा हातात आला की मोकळीक एवढीशी. इंग्रजी 'डी' अक्षरासारखं एक अर्धवर्तुळ असतं, त्याची त्रिज्या 29.2 सेंटिमीटर. पांढरा ठेवायचा तो त्याच्या आत किंवा रेषेवर. हिशोब केला तर ती जागा सगळ्या टेबलाच्या जेमतेम पन्नासाव्या हिश्श्याइतकी भरते.

म्हणजे पूलमध्ये फाऊल झाल्यावर सगळं शेत मिळतं आणि स्नूकरमध्ये फक्त बांधाचा कोपरा. त्याची भरपाई स्नूकर गुणांनी करतं. प्रत्येक फाऊलला समोरच्याला किमान 4 आणि काळ्याच्या बाबतीत 7 गुण.

६. जिथं पांढरा पडला की टाळ्या पडतात

आता डोकं थोडं उलटं करा. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये आपला पांढरा दुसऱ्या चेंडूला लागून खिशात गेला तर फाऊल होत नाही, कमाई होते! लाल चेंडूला लागून गेला तर 3 गुण, दुसऱ्या खेळाडूच्या चेंडूला लागून गेला तर 2. याला 'इन-ऑफ' म्हणतात. नंतर पांढरा पुन्हा हातात, 'डी'त ठेवा आणि खेळ चालू. पूल खेळून आलेला पोरगा हे पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

या खेळात आपल्या नगरच्या शेजाऱ्यानं इतिहास घडवलाय. विल्सन जोन्स जन्मला पुण्यात, 1922 मध्ये. 1958 मध्ये कलकत्त्यात तो हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला आणि वैयक्तिक खेळात जागतिक विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय ठरला. 1964 मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यानं ते पुन्हा जिंकलं. आणि पंकज अडवाणी? खेळात वाढला बंगळुरूला, पण जन्म 1985 चा आणि तोही पुण्याचाच. नगरहून सव्वाशे किलोमीटरच्या आत दोन जगज्जेत्यांचा पाळणा हलला.

७. स्नूकर: मेसमधली शिवी

नगरचा भुईकोट किल्ला आर्थर वेलस्लीनं 1803 मध्ये घेतला. पुढं भिंगारला छावणी वसली. देशभरच्या अशा छावण्यांत संध्याकाळ घालवायला ऑफिसर मेस, आणि मेसमध्ये बिलियर्ड्सचं टेबल. अशाच एका छावणीत, जबलपूरला, 1875 च्या पावसाळ्यात नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्यानं कंटाळा घालवायला टेबलावर आणखी रंगीत चेंडू मांडले. (पुढं इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन हा नव्हे.)

कुणाचा तरी सोपा फटका चुकला, तेव्हा त्यानं त्याला 'स्नूकर' म्हटलं. वुलविचच्या लष्करी अकादमीत नवख्या पोरांना चिडवायचा हा शब्द, म्हणजे आपल्याकडचा 'कच्चा लिंबू' समजा. मग तोच म्हणाला, या खेळात आपण सगळेच तसे, तेव्हा खेळाचं नाव हेच. 1882 मध्ये उटीच्या क्लबात नियम लिहिले गेले. जगभर कौतुकानं खेळला जाणारा हा खेळ मुळात आपल्या पावसाळ्याची पैदास.

८. पहिला नमस्कार कुणाला?

पांढऱ्यानं पहिल्यांदा कुणाला स्पर्श केला, यावर पूलचे अर्धे फाऊल ठरतात. एट-बॉलमध्ये तुमचा गट ठरला की पहिला धक्का तुमच्याच गटातल्या चेंडूला बसला पाहिजे. नाइन-बॉलमध्ये टेबलावरचा सगळ्यांत लहान आकडा आधी. एक गेला की दोन, दोन गेला की तीन. लग्नात मानपान चुकला तर जेवढा गहजब होतो, तेवढाच इथं.

पण नाइन-बॉलमध्ये एक पळवाटही आहे. पांढरा आधी लहान आकड्याला लागला आणि त्या धक्क्यानं नऊ खिशात गेला, तर डाव तिथंच तुमचा. बाकीचे चेंडू बघत राहतात.

९. नुसतं टेकून चालणार नाही

पांढरा योग्य चेंडूला लागला, पण इतका हळू की दोघंही जागच्या जागी थांबले. काही पडलं नाही, कुणी कुशनला लागलं नाही. फाऊल! स्पर्शानंतर एखादा चेंडू खिशात तरी गेला पाहिजे किंवा कुठला तरी चेंडू, पांढराही चालेल, कुशनला तरी लागला पाहिजे.

हा नियम नसता तर पूल म्हणजे टुकुटुकु कसोटी क्रिकेट झालं असतं. प्रत्येकानं पांढरा दुसऱ्याच्या चेंडूमागं हळूच लपवला असता आणि डाव रात्रभर चालला असता. आधीपासून कुशनला चिकटलेला चेंडू त्याच कुशनवर दाबला गेला तर ते धरत नाहीत. निघून पुन्हा लागला किंवा दुसऱ्या कुशनला लागला, तरच.

१०. कळसूबाईला दोन पाय, पूलला एक

आपल्या अकोले तालुक्यातलं कळसूबाई शिखर 1646 मीटरचं. चढायला दोन्ही पाय लागतात. पूलमध्ये फटका मारताना एक पाय पुरतो, पण तो जमिनीला टेकलेला हवा. दूरचा चेंडू गाठायला टेबलावर पालथं पडून दोन्ही पाय हवेत झुलवले की फाऊल.

बुटक्या माणसानं करायचं काय? त्यासाठी लांब दांड्याच्या टोकाला खाचा असलेली 'रेस्ट' असते. पार्लरमधली पोरं ती घ्यायला लाजतात, जणू काठी घेतली की म्हातारपण आलं. टीव्हीवर जगज्जेते मात्र बिनदिक्कत घेतात.

११. टक की टकटक?

क्यूचं टोक पांढऱ्याला टेकून असतं ते सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरतं. एवढ्या वेळात भांडण कसं होतं? होतं. पांढरा आणि रंगीत चेंडू जवळजवळ चिकटलेले असताना सरळ मारलं, तर पांढरा आदळून थांबतो, पण क्यू येतच असतो आणि त्याला पुन्हा लागतो. दोनदा लागला की फाऊल.

डोळ्याला दिसत नाही, पण चेंडू चुगली करतात. समोरचा चेंडू गेला आणि पांढराही लगोलग त्याच्या पाठोपाठ तेवढ्याच जोरात पळाला, तर समजा दोनदा लागलंय.

दोन्ही चेंडू अगदी चिकटलेलेच असतील तर? पूल म्हणतो, नीट फटका असेल तर खुशाल त्याच्या दिशेनं मार. स्नूकर म्हणतो, छे! चिकटलेल्याला हलवायचं नाही, पांढरा त्याच्यापासून दूर खेळ. एकाच्या घरी चालतं, दुसऱ्याच्या घरी विटाळ.

१२. उडी चालते, उकरणं नाही

मध्ये दुसऱ्याचा चेंडू आडवा आला की पांढरा त्याच्यावरून उडवायचा मोह होतो. पूलमध्ये परवानगी आहे, पण रीत ठरलेली आहे. क्यू वर उचलून पांढऱ्यावर तिरपा खाली मारायचा. चेंडू कापडाच्या खालच्या दगडी फरशीवर दबून उसळतो. खालून चमच्यासारखं उकरून उडवला तर फाऊल, शिवाय कापड फाटलं तर पार्लरवाल्याचा आवाज वेगळाच लागतो. स्नूकरमध्ये तर अडथळ्यावरून उडी मारणंच फाऊल.

टेबलावर संयम बरा.

१३. सदऱ्याची बाही, गळ्यातलं लॉकेट

वाकून नेम धरताना बाही, टी-शर्टचं टोक, ओढणी, गळ्यातलं लॉकेट, चॉकचा तुकडा, काहीही चेंडूला लागलं तर कडक नियमांत फाऊल. पंच नसलेल्या सामन्यात मात्र बऱ्याचदा सौम्य रीत पाळतात: पांढऱ्याला लागलं तरच फाऊल, रंगीत चेंडू चुकून हलला तर तो परत जागेवर ठेवायचा की आहे तिथंच राहू द्यायचा, हे समोरचा ठरवतो.

आणखी दोन छुपे फाऊल. टेबलावरचा एखादा चेंडू अजून गरगरत असताना मारलेला फटका. आणि क्यू टेबलावर आडवा ठेवून, हात काढून, नेमाची रेष मोजणं. गवंड्याचं काम गवंड्याला, इथं डोळ्यानंच मोजायचं.

१४. पाच सेकंदांचा उमाळा

चेंडू खिशाच्या काठावर येऊन थबकतो. सगळे श्वास रोखतात. कुणी टेबलाला कंबर लावतं, कुणी फुंकर मारायचा विचार करतं. नियम काय म्हणतो? काठावर थांबल्यासारखा वाटलेला चेंडू पाच सेकंदांच्या आत आपणहून पडला, तर तो त्याच फटक्यानं पडला असं धरायचं. त्यानंतर पडला तर उचलून परत काठावर ठेवायचा.

शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत, तशी टेबलाच्या सहा खिशांनाही नाहीत. पण धक्का मारून चेंडू आत ढकलणाऱ्याला इथंही दंड ठरलेला आहे.

१५. तीन चुका आणि घरी

नाइन-बॉलमध्ये मधे एकही नीट फटका न खेळता लागोपाठ तीन फाऊल केले, तर तो डाव गेला. पण इथं कायदा दयाळू आहे. दुसऱ्या फाऊलनंतर समोरच्यानं "दोन झाले हं" असं बजावायला हवं. बजावलं नाही, तर तिसऱ्याची शिक्षा लागू होत नाही. पूलच्या जुन्या 14.1 या प्रकारात तीन फाऊलना चक्क 15 गुणांचा दंड आहे.

१६. काळ्या आठच्या अफवा

एट-बॉलमधला आठ आकड्याचा काळा चेंडू गावोगावच्या अफवांचा मानकरी. दोन तरी पुसून टाकू.

पहिली: "ब्रेकला आठ पडला की जिंकलो." आंतरराष्ट्रीय नियमांत नाही. फाऊल नसेल तर ब्रेक मारणाऱ्याला निवड मिळते: आठ परत जागेवर ठेवून पुढं खेळा, किंवा पुन्हा ब्रेक मारा.

दुसरी: "आठ मारताना पांढरा पडला की हरलो." आठ पडला आणि पांढराही पडला, तर हरलात, खरंय. पण आठ टेबलावरच राहिला आणि एकटा पांढरा पडला, तर तो साधा फाऊल. पांढरा समोरच्याच्या हातात, डाव चालू. मात्र आपले सगळे चेंडू संपायच्या आत आठ पाडला, भलत्या खिशात पाडला किंवा टेबलाबाहेर उडवला, तर टेबलाचे पैसे काढायला लागा.

१७. टेबलाला पांढरा ओळखू कसा येतो?

नाणं टाकून खेळायच्या टेबलात पडलेले रंगीत चेंडू आत अडकून राहतात, पण पांढरा परत येतो. आत कुणी पोरगं बसलेलं नसतं! काही टेबलांत पांढरा इतरांपेक्षा किंचित मोठा किंवा जड असतो, म्हणून तो वेगळ्या वाटेनं घसरतो. काहींत त्याच्या पोटात लोखंडाचा अंश असतो आणि टेबलातलं चुंबक त्याला बाजूला ओढतं. मोठ्या पांढऱ्याची खोड अशी की त्याचा धक्का वेगळा बसतो. साध्या टेबलावर सवय झालेल्याचा अंदाज चुकतो.

१८. झहीरच्या हातातलं वजन

स्पर्धेतला पूलचा चेंडू 57.15 मिलिमीटर व्यासाचा आणि 156 ते 170 ग्रॅम वजनाचा असतो. क्रिकेटचा चेंडू साधारण 156 ते 163 ग्रॅम. म्हणजे श्रीरामपूरच्या झहीर खाननं जो चेंडू फलंदाजाच्या पायात सोडला, जवळपास तेवढंच वजन तुम्ही टेबलावर ढकलत असता, फक्त आकार लहान. म्हणूनच चेंडू टेबलाबाहेर उडवणं हा फाऊल आहेच, शिवाय शेजाऱ्याच्या नडगीचाही प्रश्न आहे.

१९. हत्तीचा दात, बंदुकीचा बार

एकेकाळी हे चेंडू हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून मोजकेच चांगले चेंडू निघत आणि हत्ती कमी होत चालले. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या एका बिलियर्ड्स कंपनीनं पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं. जॉन वेस्ली हायट या छापखान्यातल्या माणसानं त्या नादात सेल्युलॉइड घडवलं. हायटनंच पुढं आठवण सांगितली आहे: सुरुवातीचे चेंडू जोरात आपटले की कधी कधी बारीक बार उडे. कोलोरॅडोच्या एका पार्लरवाल्यानं लिहून कळवलं की आवाजाचं काही नाही, पण तो झाला की खोलीतले सगळे पिस्तुलं उपसतात! आज चेंडू फेनॉलिक रेझिनचे. बार उडत नाही, वाद मात्र तेवढेच उडतात.

२०. वाऱ्याचं गणित मांडणारा

पांढरा खाली मारला की मागं फिरतो, कडेला मारला की कुशनवरून वाकडा जातो. ही करामत क्यूच्या टोकावरच्या चामड्यामुळं जमते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँगो नावाच्या फ्रेंच कप्तानानं त्याचा प्रसार केला. आणि 1835 मध्ये बिलियर्ड्सच्या चेंडूंच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं कुणी, तर गास्पार कोरिओलिसनं. शाळेत भूगोलाच्या तासाला वारे का वळतात हे शिकताना ज्याचं नाव घोकलं, तोच हा.

२१. घरचा पांढरा: कॅरमचा स्ट्रायकर

पूल पार्लरचा जिना कधीच न चढलेल्या मराठी घरांतही 'इन हँड'चा अनुभव लहानपणापासून असतो. कॅरममध्ये प्रत्येक फटक्याआधी स्ट्रायकर हातातच येतो! फक्त तो दोन्ही रेषांना टेकला पाहिजे आणि टोकाच्या लाल गोलावर ठेवायचा तर गोल पूर्ण झाकला पाहिजे. अर्धामुर्धा चालत नाही. आत्याच्या घरी मे महिन्याच्या सुटीत "रेषेला लागला नाही!" म्हणून झालेली रडारड आठवा.

स्ट्रायकर खिशात गेला की पाळी जाते आणि कमावलेली एक सोंगटी परत पाटावर येते. कमावलेली नसेल तर उधारी राहते, पडेल तेव्हा फेडायची.

आता सगळे दंड ओळीनं मांडा. कॅरम कमाई परत मागतो. स्नूकर समोरच्याला गुण देतं. बिलियर्ड्समध्ये पांढरा दुसऱ्या चेंडूवरून खिशात गेला तर दंड नाहीच, बक्षीस. पूल सहसा तुमचं काही घेत नाही, फक्त समोरच्याला हवी ती जागा देतो. चौघांत सगळ्यांत महाग पडतं ते हेच.

ब्रेक मारण्याआधीचे पाच प्रश्न

जुन्या क्लबांत टेबलाशी 'मार्कर' असायचा. गुण मांडणारा, चेंडू जागेवर ठेवणारा आणि गरज पडली तर साहेबाला दोन फटके शिकवणारा. त्याचा शब्द शेवटचा. आजच्या पार्लरमध्ये तो बहुधा नसतो, म्हणून चॉक लावता लावता एवढं बोलून घ्या:

• फाऊलनंतर पांढरा कुठंही, की रेषेच्या मागं, की दोन चान्स?
• ब्रेकला पांढरा पडला तर वेगळा नियम आहे का?
• कुठल्याही चेंडूला हात लागला तर फाऊल, की फक्त पांढऱ्याला?
• खिसा आधी सांगायचा की जाईल तिथं जाऊ द्यायचा?
• ब्रेकला आठ पडला तर काय?

जिन्यावरचा तो तिसरा गडी आठवतोय? "आमच्याकडं दोन चान्स" म्हणणारा. तो खोटं बोलत नव्हता. इंग्लंडच्या पबमध्ये तीच रीत रूढ होती आणि आपल्याकडच्या काही टेबलांवरही तसंच खेळतात. नियम गावागणिक बदलतो. टेबलाचं भाडं मात्र सगळीकडं एकाच नियमानं चालतं: तासावर मोजायचं आणि हरलेल्यानं भरायचं. पांढरा हातात धरून दोन मित्र भांडत असतात, तेव्हा काउंटरवरचा माणूस एकही फटका न मारता जिंकत असतो.